शुद्धीवर असलेला जखमी

खेळाविषयी कोल्हापुरात दोन माणसे हिरिरीने बोलू लागली असता तिसऱ्याने मध्ये पडू नये, असा ह्या नगरीचा अलिखित दंडक आहे. आणि ती दोन माणसे नात्याने मामा-भाची असून मामांची हयात तालमीचे वस्ताद म्हणून तांबड्या मातीत गेलेली, तर भाची मेंदूच्या विकारांची डॉक्टर, असा योग जुळून आला म्हणजे तिसऱ्याने श्रोत्याची भूमिका पत्करून जे कानी पडेल त्याचे टिपण ठेवावे, हेच शहाणपणाचे. मी तेच केले; मात्र टिपण करणाऱ्यालाही स्वतःचे मत असते आणि ते मी दडवलेले नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

वादाला निमित्त झाले पेठेतील एका शाळकरी मुलाचे. फुटबॉलच्या सामन्यात उंच आलेला चेंडू घेण्यासाठी तो आणि प्रतिपक्षाचा एक बचावपटू एकाच वेळी उसळले, डोक्यावर डोके आदळले, मुलगा कोसळला, क्षणभराने उठला, तोंडावर पाणी मारून घेऊन पुन्हा धावू लागला, आणि प्रेक्षकांनी शिट्ट्या-टाळ्यांनी त्याचा गौरव केला. रात्री त्याला दोनदा वांती झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही की, उत्तरार्धात आपण स्वतः केलेला गोल त्याला काही केल्या आठवेना. ‘पोरगं वाघ आहे’ असा मामांचा अभिप्राय पडला. ‘पोरगं आजारी आहे’ असा भाचीचा.

वस्ताद : अगं, डोक्याला डोके लागले एवढ्यावरून त्याला अंथरुणावर निजवायचे म्हटले, तर उद्या पेठेतले एक पोर मैदानावर दिसायचे नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचे ते प्राचीन क्रीडागार पाहिले, तसे आपल्या गावी असावे अशी ईर्षा धरली आणि खासबागेचे मैदान बांधून १९१२ साली ते खुले केले, ते काय पोरांनी सावलीला बसावे म्हणून? ह्याच गावच्या तालमीत श्रीपती खंचनाळे तयार झाले आणि १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरले; पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकरांनी तो मान मिळवला. तालमीतला पहिला धडा डावाचा नसतो, सोसण्याचा असतो. हा माझा कान बघ. घासून घासून, रक्त साकळून त्याचा मूळचा आकार गेला, पण परगावच्या मैदानात ह्या कानाकडे नजर गेली की लोक आपण होऊन वाट करून देतात. ती आमची सनद आहे.

भाची : मामा, मी तुमच्या कानाचाच दाखला घेते. एखाद्या पठ्ठ्याचा कान सुजून फुगला, तर तुम्ही त्या दिवशी त्याला लढतीत सोडत नाही. साकळलेले रक्त काढवून घेता, दाबून पट्टी बांधता, आणि जोडीदाराला बजावता की, त्या अंगाने डोके धरायचे नाही. एवढी दक्षता तुम्ही कानासाठी घेता, कारण तो डोळ्यांना दिसतो. मेंदू दिसत नाही. कवटीच्या आत द्रवामध्ये तरंगणारा तो मऊ अवयव आहे. डोक्याला जोराचा हिसका बसला, विशेषतः डोके एकाएकी पिरगळल्यासारखे फिरले, की कवटी शाबूत राहूनही आतले मज्जातंतू ताणले जातात. डोके जमिनीला लागलेच पाहिजे असेही नाही; पाठीवर जोरात आपटून मानेतून हिसका पोचला तरी तेवढ्याने भागते. आम्ही ह्याला कन्कशन म्हणतो. तंतू ताणले की पेशींच्या आतले पोटॅशियम बाहेर आणि बाहेरचे कॅल्शियम आत, अशी उलथापालथ होते. ती निस्तरण्यासाठी मेंदूला नेहमीपेक्षा अधिक साखर लागते, आणि नेमका त्याच काळात त्याला होणारा रक्तपुरवठा मंदावतो. ज्या घरची आवक खुंटली आहे त्याच घरात लग्नकार्य निघावे, तशी त्या पेशींची स्थिती होते. ही तूट भरून यायला काही दिवस, मुलांच्या बाबतीत काही आठवडे लागतात. तेवढ्या मुदतीत दुसरा मार बसला, तर पहिल्यापेक्षा हलका असूनही तो पहिल्यापेक्षा महाग पडतो.

वस्ताद : असे असेल तर फोटोत दिसायला पाहिजे. ह्या पोराच्या डोक्याचा सी.टी. स्कॅन काढला, अहवाल साफ.

भाची : साफच येणार. तो स्कॅन कवटीतली चीर आणि मेंदूतला रक्तस्राव शोधण्यासाठी असतो, आणि ह्या दोन गोष्टी नाहीत एवढेच त्याने सिद्ध होते. जी बिघाडी मी सांगितली ती पेशींच्या कारभारातली आहे; तिची छाया त्या चित्रात उमटत नाही.

ह्या ठिकाणी वस्ताद हसले, आणि त्यांच्या हसण्यात एखाद्या मुरलेल्या वकिलाला साक्षीदाराच्या जबानीत फट सापडावी तेव्हाचे समाधान होते.

वस्ताद : म्हणजे रक्त नाही, हाड मोडलेले नाही, फोटोत काही येत नाही, शुद्ध गेलेली नाही, आणि तरी पोर जखमी! असल्या फिर्यादीत पुरावा तरी कशाचा मानायचा? आम्ही साधी रीत पाळतो. गडी बेशुद्ध पडला तर कुस्ती संपली. उठून उभा राहिला तर त्याचे नाव विचारायचे, दोन बोटे दाखवून किती ते विचारायचे, बरोबर सांगितले की चालू द्यायचे.

भाची : तुमच्या ह्या रीतीतून दहांपैकी नऊ जखमी निसटतात, कारण ह्या दुखापतीत शुद्ध हरपणे हा नियम नसून अपवाद आहे. आणि नाव विचारून काय होणार? स्वतःचे नाव, जन्मतारीख, गाव ह्या गोष्टी मेंदूत इतक्या खोल रुजलेल्या असतात की, असल्या मारानेही त्या हलत नाहीत. हलते ती ताजी स्मृती. ऑस्ट्रेलियात मॅडॉक्स नावाच्या संशोधकाने तिथल्या फुटबॉलपटूंचा अभ्यास करून १९९५ साली हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून मैदानावर विचारायचे प्रश्न बदलले. आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचा गोल कोणी केला? गेला सामना कोणाशी झाला, आणि तो आपण जिंकलो का? कुस्तीत विचारा : तुझी जोड कोणाशी आहे, आतापर्यंत कोणता डाव पडला, गेल्या मैदानात कोणाशी लढलास? ह्यांतले एक उत्तर चुकले तरी तो गडी बाहेर. मात्र सगळी उत्तरे बरोबर आली म्हणून तो निर्दोष, असा उलटा निवाडा करायचा नाही.

वस्ताद : मग करायचे काय? पंचांग पाहायचे?

भाची : त्याच्याकडे पाहायचे. पडल्यावर तो निपचित राहिला का, उठायला वेळ लागला का, उठल्यावर पाऊल अडखळले का, नजर शून्यात लागली का, भलत्याच बाजूला पास दिला का, शिकवलेला डाव करताना हात मधेच थांबला का? मग त्याचे म्हणणे ऐकायचे : डोके दुखते, मळमळते, उजेड आणि हलगीचा आवाज सहन होत नाही, दोन-दोन दिसते, डोके जड वाटते, ‘काहीतरी चुकल्यासारखे वाटते.’ हे शेवटचे वाक्य पोरे हमखास बोलतात आणि वडीलमाणसे हमखास हसण्यावारी नेतात. एरवी शांत असलेला मुलगा विनाकारण चिडू किंवा रडू लागला, तर तेही लक्षणच. शिवाय हे सगळे लगेच दिसेलच असे नाही. काहींच्या बाबतीत काही तासांनी, काहींच्या दुसऱ्या दिवशी उमटते. म्हणून शंका आली एवढे कारण पुरे. खात्री होईपर्यंत थांबायचे नाही.

येथे मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जखमी हाताचा मालक हात दुखतो की नाही हे सांगू शकतो, कारण सांगणारा अवयव निराळा असतो. परंतु येथे ज्याने साक्ष द्यायची तोच घायाळ, आणि तरीही आपण सारे मैदानाच्या कडेने त्यालाच ओरडून विचारतो, ‘खेळणार काय?’ हजारो लोकांदेखत चौदा वर्षांचा मुलगा ह्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देईल, अशी अपेक्षा बाळगणाऱ्याने आपल्या पेठांतील ईर्षा पाहिलेलीच नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा, दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळ ह्यांच्या सामन्याला जो लोटतो, तो जनसमुदाय मुलाला पायावर उभे करतो खरा. त्याला खाली बसवण्याचे सामर्थ्य मात्र त्या समुदायाने अजून अंगी आणलेले नाही.

वस्ताद : बरे, शंका आली की बाहेर. आता माझी शंका ऐक. हरणारा गडी उद्या डोके धरून बसेल, ‘मला काही आठवत नाही’ म्हणेल आणि चितपट व्हायचा वाचेल. ही पळवाट मोठ्यांनीच काढून दिली आहे. २०२० च्या डिसेंबरात कॅनबेराच्या सामन्यात स्टार्कचा चेंडू जडेजाच्या शिरस्त्राणावर बसला. गडी शेवटपर्यंत फटकावत राहिला, आणि गोलंदाजीची वेळ आली तेव्हा त्याच्या जागी चहल उतरला. त्याने तीन बळी घेतले, सामना आपण ११ धावांनी जिंकला, सामनावीरही तोच! ऑस्ट्रेलियाच्या गोटात कुरकुर झाली ती काय उगाच?

भाची : नियमाचा लाभ झाला म्हणून नियम खोटा ठरत नाही. जडेजाला चक्कर आल्यासारखे वाटू लागले ते डाव संपून तंबूत परतल्यावर. उशिरा उमटणारी लक्षणे म्हणून मी जे सांगितले ते हेच. आणि त्या बदलीला मुभा कोणी दिली? कप्तानाने नव्हे, सामनाधिकाऱ्याने. क्रिकेटमध्ये ही तरतूद २०१९ च्या ऑगस्टात आली आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन खेळला. फुटबॉलच्या नियममंडळाने तर तुमची शंका आधीच ओळखली. १ जुलै २०२४ पासून त्यांनी स्पर्धांना अशी जादा बदली ठेवण्याची मुभा दिली. पण तीत अट अशी की, एका संघाने ती घेतली की प्रतिपक्षालाही एक जादा बदली मिळते. मग सोंग आणून फायदा काय राहिला? आणि मामा, कबूल करा, आपल्याकडचा रोग सोंगाचा नाही. दुखत असून ‘दुखत नाही’ म्हणणारी पोरे तुम्ही किती पाहिली, आणि दुखत नसून ‘दुखते’ म्हणणारी किती?

वस्तादांनी ह्याचे उत्तर दिले नाही. तपकिरीची डबी उघडून मिटली, आणि मग त्यांनी जो मुद्दा काढला तो, माझ्या मते, त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा होता.

वस्ताद : तू शहरातल्या पोरांचा विचार करतेस. माझ्या तालमीत राहतात ती पोरे करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या खेड्यांतली. बाप दुसऱ्याच्या रानात राबून खुराकाचे पैसे पाठवतो. गावोगावच्या जत्रेचे मैदान वर्षातून एकदा. तिथे जोड लागली आणि कुस्ती मारली तर इनाम, चार लोकांत नाव, पुढे पोलिसात किंवा पलटणीत खेळाडू म्हणून चिकटण्याची आशा. त्याला मी ऐन हंगामात म्हणू की, तीन आठवडे घरी बस? १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी राहते घर गहाण टाकले. त्या घरावर स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. संधी अशी असते, बाई. ती वर्दी देऊन दारात दुसऱ्यांदा येत नाही.

भाची : खर्डेकर सरांची गोष्ट तुम्ही काढलीत हे बरे झाले. त्या व्यवहारात जोखीम कोणी उचलली? वडीलधाऱ्याने, पोराने नव्हे. तुम्ही मला जे सांगता त्यात वस्तादाची अब्रू, मंडळाची ईर्षा, मैदान भरवणाऱ्याची जोड, सगळे सुरक्षित. आणि गहाण पडतो तो बोलायचीही ऐपत नसलेला पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला खुराकासाठी तीन आठवड्यांचे पैसे मंडळाने द्यावेत, मैदानवाल्याने त्याची जोड पुढच्या जत्रेत लावण्याचा शब्द द्यावा. ही तजवीज तुमच्या हातातली आहे. भरतीचे म्हणाल, तर जो मुलगा पुस्तक उघडले की डोके धरतो, ज्याचे लक्ष दहा मिनिटे टिकत नाही, तो लेखी परीक्षा कशी देणार? विनेश फोगाटने २०२१ साली उघडपणे लिहिले की, २०१७ मधल्या कन्कशनचा त्रास आपल्याला पुढे वर्षानुवर्षे होत राहिला. तिच्या पाठीशी तज्ज्ञ होते, साधने होती. तुमच्या पोराच्या पाठीशी कोण आहे?

वस्ताद : पण जीव तर जात नाही ना? नरी कॉन्ट्रॅक्टरची १९६२ साली बार्बाडोसला कवटी फुटली. फ्रँक वॉरेल, आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर ह्यांनी रक्त दिले, माणूस वाचला, पुन्हा बॅट धरली.

भाची : कवटी फुटली म्हणून तर सगळे धावले! मी सांगते ती भीती उलट्या प्रकारची आहे. रमण लांबा १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला क्लबचा सामना खेळत होते. शिरस्त्राण न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ उभे राहिले, चेंडू डोक्यावर बसला. आपल्या पायांनी चालत ते तंबूत गेले. नंतर प्रकृती बिघडली, आणि तीन दिवसांनी मृत्यू. कवटीच्या आत रक्त साठत जाते तेव्हा माणूस आरंभी बोलतो, चालतो, पाणीही पितो. साठलेले रक्त मेंदूला दाबू लागते तेव्हा तो कोसळतो. म्हणून मार लागलेल्या मुलाला पहिले काही तास एकटे सोडायचे नाही, मोटारसायकल हाती द्यायची नाही, आणि डोकेदुखी वाढत चालली, वांत्या थांबेनात, झटके आले, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, जीभ जड झाली, गुंगी चढू लागली, तर घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करून सरळ सीपीआर रुग्णालयात न्यायचे.

वस्ताद : थोरल्या दवाखान्याचा रस्ता आम्हाला ठाऊक आहे. पण तू आता बोललीस ती रक्तस्रावाची गोष्ट. साध्या धक्क्याने कोण मेले?

भाची : एकट्या साध्या धक्क्याने सहसा नाही. पण पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात क्वचित मेंदूला भयंकर सूज येते. हे किती वेळा घडते ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि ते फार दुर्मिळ आहे हे मी मान्य करते. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ च्या जानेवारीत बेंजामिन रॉबिन्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा शाळेचा रग्बी सामना खेळताना एकाहून अधिक मार खाऊनही मैदानात राहिला आणि दगावला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लायस्टेड हा १३ वर्षांचा मुलगा २००६ साली डोके आपटूनही त्याच सामन्यात पुन्हा उतरला. मेंदूत रक्तस्राव होऊन तो कायमचा पंगू झाला. त्याच्या नावाने २००९ साली तेथे कायदा झाला की, संशय येताच मुलाला बाहेर काढायचे आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून परत घ्यायचे नाही. पाच वर्षांत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांनी ह्या विषयावर कायदे केले.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहण्याची कारणे डॉक्टरांनी मला नंतर सांगितली, ती थोडक्यात अशी : मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मान कमकुवत, मेंदूची घडण अपुरी, आणि बरे व्हायला मोठ्या माणसापेक्षा अधिक काळ. आता आपल्या तालमींत मुलीही उतरू लागल्या आहेत. त्यांच्यात ही लक्षणे अधिक नोंदली जातात आणि अधिक रेंगाळतात, असेही त्या म्हणाल्या.

वस्ताद : तुमच्या शास्त्राचा भरवसा तरी काय धरायचा? माझ्या लहानपणी डॉक्टर सांगत, डोक्याला मार लागला की झोपू देऊ नका. मग सांगू लागले, अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा. आता तू काय सांगणार?

भाची : दोन्ही सल्ले आम्ही मागे घेतले आहेत. एकदा तपासणी होऊन धोक्याचे चिन्ह नाही असे ठरले की खुशाल झोपू द्यावे; झोप हे औषधच आहे. आणि अंधारी खोली उपकारक नाही असे अभ्यासांती दिसून आले. २००१ साली व्हिएन्नात ह्या विषयाचे तज्ज्ञ प्रथम एकत्र आले. मग प्राग, झुरिक, बर्लिन अशा परिषदा होत होत २०२२ साली ॲमस्टरडॅमला जे ठरले ते असे : पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हालचाल चालेल, पण मोबाइलच्या पडद्यापासून शक्यतो दूर. मग चालणे, हलका व्यायाम. लक्षणे किंचित वाढली तर चालेल, फार वाढली तर त्या दिवसापुरते थांबायचे. मग हळूहळू शाळा. आधी अर्धा दिवस, परीक्षेला सवलत. शाळा पूर्ववत झाल्याशिवाय खेळ पूर्ववत नाही. मग एकट्याने जोर-बैठका, धावणे. मग डोक्याला धोका नाही असा सराव. आणि लक्षणे समूळ गेल्यावर, डॉक्टरने पाहिल्यावर, अंगाला अंग लावून सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. बहुतेक मुले चार आठवड्यांच्या आत बरी होतात. जिथे तज्ज्ञ डॉक्टर हाताशी नसतो अशा गल्लीबोळांतल्या खेळांसाठी ब्रिटनने २०२३ साली सरसकट मार्गदर्शक सूचना काढल्या : एकविसाव्या दिवसाआधी सामना नाही, आणि डोक्याला धोका असलेला सरावही विश्रांतीच्या स्थितीत सलग चौदा दिवस लक्षणमुक्त गेल्यावरच. शास्त्र बदलते, मामा, कारण ते आपली चूक दप्तरात नोंदवते.

ह्या शेवटच्या वाक्यातील टोमणा वस्तादांना लागला असावा. कारण त्यानंतर ते स्वतःच्याच विषयाकडे, म्हणजे मानेकडे, वळले. २०१८ च्या एप्रिलात पन्हाळा तालुक्यातील एका गावच्या मैदानात एक तरुण मल्ल कुस्तीत मानेवर पडला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला, ही घटना जिल्ह्यातील प्रत्येक तालमीला ठाऊक आहे.

वस्ताद : ती मान होती, मेंदू नव्हे. ढाक लावताना, मोळी बांधताना गडी डोक्यावर उतरला तर मानेला जपावे लागते, हे आम्ही शिकवतोच. माती खणून भुसभुशीत ठेवतो, तीत ताक, तेल, हळद घालतो, ती काय शोभेसाठी?

भाची : माती तुम्ही राखता, पण पडलेल्या गड्याचे काय करता? चौघे जण धावतात, बखोटीला धरून उठवतात, मान चोळतात, कोणी तर ती झटका देऊन ‘मोकळी’ करतो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो. डोक्याला मार लागलेला प्रत्येक गडी मानेलाही मार लागलेला आहे असे आधी गृहीत धरा. तो बेशुद्ध असेल, मान दुखते म्हणत असेल, हातापायांत मुंग्या आल्या म्हणत असेल, तर डोके आणि मान आहे त्या स्थितीत दोन हातांनी स्थिर धरून गाडीची वाट पाहायची. श्वास अडला नसेल तर जागचा हलवायचा नाही. हे शिकायला वैद्यकीची पदवी लागत नाही.

वस्ताद : आणि ओळखायला? जत्रेच्या मैदानात दोनशे-अडीचशे कुस्त्या सुटतात. प्रत्येक हौद्यावर डॉक्टर आणायचा कुठून?

भाची : ओळखायलाही लागत नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एक छोटेसे टिपण केले आहे, ते डॉक्टरांसाठी नाहीच. पालक, शिक्षक, पंच, वस्ताद ह्यांच्यासाठी आहे. बाहेर काढण्याचा अधिकार सगळ्यांचा : जोडीदाराचा, पंचाचा, निवेदकाचा, पाणी देणाऱ्या पोराचासुद्धा. परत घेण्याचा अधिकार मात्र डॉक्टरचा.

वस्ताद : नाही. हे मला मान्य नाही. तालमीत हुकूम वस्तादाचा चालतो. बाहेर काढायचा हुकूम मी देईन. त्या दिवशी पोराचे पाऊल पुन्हा हौद्यात पडणार नाही, हा शब्द घे. पण महिनाभराने तो लढायला लायक आहे की नाही हे माझे डोळे सांगतील, कागद नाही सांगणार.

भाची : तुमच्या डोळ्यांनी परवाचे पोर वाघ ठरवले होते, मामा.

ह्या मुद्द्यावर त्या दोघांचा समेट झाला नाही आणि मलाही तो लावून देता आला नाही. पण तटस्थ राहण्याचे सोंग मी आणणार नाही. वस्तादांच्या अधिकाराविषयी मला आदर आहे, इतका की ह्या कामात त्यांच्याहून उपयोगी दुसरा माणूस मला दिसत नाही : ज्या मुलाला बाप, शाळा आणि डॉक्टर मिळून घरी बसवू शकत नाहीत, त्याला वस्तादाचा एक शब्द बसवतो. परंतु मुलाला परत हौद्यात उतरवण्याच्या निर्णयात वस्तादाचा, मंडळाचा आणि संघाचा स्वार्थ गुंतलेला असतो, तो कितीही निर्मळ असो. आणि ज्याचा स्वार्थ गुंतला आहे त्याने न्यायासनावर बसू नये, हा नियम दिवाणी कचेरीत आपण निमूटपणे पाळतो. म्हणून बाहेर काढताना वस्ताद आणि परत घेताना डॉक्टर, हीच वाटणी मला न्याय्य दिसते.

आपल्याकडे ह्या विषयाचा स्वतंत्र कायदा नाही, आणि तो होईपर्यंत थांबण्याचे कारणही नाही. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मैदाने भरवणाऱ्या यात्रा कमिट्यांनी, फुटबॉल मंडळांनी आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी तीन गोष्टी कराव्यात, ही माझी विनंती आहे : प्रवेशपत्रिकेवर डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही आणि डॉक्टरच्या लेखी दाखल्यावाचून परत घेतला जाणार नाही हे कलम छापावे, अशा खेळाडूच्या जागी जादा बदली, आणि कुस्तीत पुढच्या मैदानातली जोड, देण्याची तरतूद ठेवावी, आणि ध्वनिक्षेपक ज्याच्या हाती असतो त्या निवेदकाला सांगून ठेवावे की, मुलगा डोके धरून उठला तर ‘शाब्बास’ म्हणण्याआधी ‘त्याला खाली बसवा’ म्हणावे.